२८,६७२ बाइटांत फर्मवेअर बसवताना: कस्टम कीबोर्डचा बूटलोडर आणि जागेचा हिशोब

सोल्डरिंग जमतं, स्विच बसतात, कीकॅप चढतात, आणि मग टर्मिनलमध्ये ओळ उमटते: फर्मवेअर (कीबोर्डच्या चिपवर चालणारा प्रोग्राम) फार मोठं आहे, २९,७५६/२८,६७२, म्हणजे १,०८४ बाइट जास्त. इथून पुढे बरेच जण हाताला लागेल ते कापत सुटतात. कुणी लेयर (कळांचा एक अख्खा थर) उडवतं, कुणी बूटलोडरमध्ये जायची कळच काढून टाकतं, तर कुणी आकडा जुळावा म्हणून सेटिंगमध्ये दुसऱ्याच बूटलोडरचं नाव लिहितं. तिसऱ्या उपायाने चूक लपते आणि नंतर महागात पडते.

हा लेख एटीमेगा३२यू४ चिपच्या बोर्डांसाठी आहे, म्हणजे प्रो मायक्रो, त्याच्या नकला, एलिट-सी आणि टीन्सी २.०. उदाहरणासाठी ४२ कळांचा, दोन तुकड्यांचा कॉर्ने कीबोर्ड घेतला आहे आणि फर्मवेअर क्यूएमके (कीबोर्डसाठीचं मुक्त-स्रोत फर्मवेअर) आहे. आज्ञा आणि फाइलनावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

## १. मर्यादा कुठून येते ते आधी पाहा

चिपवर फ्लॅश मेमरी ३२ केबी, म्हणजे ३२,७६८ बाइट. ही सगळी जागा तुमची नसते. मेमरीच्या शेवटच्या टोकाला बूटलोडर बसलेला असतो. यूएसबीवरून नवं फर्मवेअर घेऊन ते चिपवर लिहिणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. तो जिथे सुरू होतो तिथे तुमची हद्द संपते.

कॅटेरिना (प्रो मायक्रो) ४,०९६ बाइट घेतो, उरतात २८,६७२.
अ‍ॅटमेल डीएफयू (एलिट-सी, आणि चिप थेट पीसीबीवर असलेले अनेक बोर्ड) हाही ४,०९६ घेतो, म्हणून तिथेही २८,६७२.
हाफके (टीन्सी २.०) फक्त ५१२ बाइट घेतो, उरतात ३२,२५६.

एकाच चिपवर ३,५८४ बाइटांचा फरक पडतो तो यामुळे. मित्राच्या टीन्सीवर बसलेला कीमॅप (कोणती कळ काय करेल याचा तक्ता) तुमच्या प्रो मायक्रोवर बसत नाही, यात तुमच्या कोडचा दोष नसतो.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. फोल्डरमधल्या हेक्स फाइलचा आकार पाहून घाबरू नका. ती मजकुराची फाइल आहे. १६ बाइटांची एक ओळ लिहायला तिला ४३ अक्षरं लागतात, त्यामुळे डिस्कवर ती खऱ्या फर्मवेअरच्या पावणेतीन पट दिसते. ७५ केबीची हेक्स फाइल २८ केबीत आरामात बसते. कंपाइल झाल्यावर क्यूएमके जो आकडा छापतं तोच खरा.

## २. तयारी

दुसरा कीबोर्ड जवळ ठेवा. हे वाचायला विनोदी वाटतं, पण एकुलता एक कीबोर्ड बूटलोडरमध्ये गेला की एंटर कशाने दाबणार?

केबल डेटा वाहणारी हवी. चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबलींत फक्त वीज जाते. दिवा लागतो आणि संगणकाला काहीच दिसत नाही. "बोर्ड मेला" म्हणून आणलेल्या बोर्डांना मी आता सर्वात आधी केबल बदलून बघतो.

रीसेटपर्यंत हात पोचतो का ते केस बंद करण्यापूर्वी पाहा. प्रो मायक्रोवर बहुधा बटण नसतं. आरएसटी आणि जीएनडी हे पाय चिमट्याने क्षणभर जोडावे लागतात. कॉर्नेच्या पीसीबीवर रीसेटचं बटण आहे, पण ते केसखाली दडलं तर उपयोग नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त नकलांवर आणखी एक कमजोरी असते: मायक्रो यूएसबीचं तोंड. वारंवार केबल काढ-घाल केली की ते उखडतं. काम सुरू करण्यापूर्वी त्याच्या कडेला थोडं इपॉक्सी लावा, पण आत जाऊ देऊ नका.

सावध: दोन तुकड्यांना जोडणारी टीआरआरएस केबल वीज चालू असताना कधीही काढू वा घालू नका. प्लग सरकताना आतले पट्टे एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होतो. आधी यूएसबी काढा, मग ती केबल.

## ३. बोर्डवर कोणता बूटलोडर आहे ते ओळखा

विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नका. बोर्ड बूटलोडरमध्ये नेऊन संगणकालाच विचारा. लिनक्सवर एलएसयूएसबी, विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर, मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशन.

प्रो मायक्रोवर रीसेट करा. काही नकलांना एकदा पुरतं, काहींना पटकन दोनदा करावं लागतं. कॅटेरिना साधारण ८ सेकंद वाट पाहतो आणि मग पुन्हा नेहमीच्या फर्मवेअरकडे जातो. या ८ सेकंदांत पाहायचं आहे.

ओळखक्रमांक १बी४एफ:९२०५ किंवा २३४१:००३६ दिसला, आणि त्याबरोबर सीरियल पोर्ट उगवला, तर कॅटेरिना. ०३ईबी:२एफएफ४ दिसला तर डीएफयू. हा ८ सेकंदांनी निघून जात नाही, थांबून राहतो. १६सी०:०४७८ म्हणजे हाफके. आणि आरपीआय-आरपी२ नावाची ड्राइव्ह उघडली तर तुमच्या हातात एटीमेगा नाहीच, आरपी२०४० ही वेगळी चिप आहे. मग तुम्हाला जागेची चिंता नाही आणि सातवा टप्पा तुमच्यासाठी नाही.

सावध, विंडोजवाले: डीएफयूला ड्रायव्हर लागतो. तो झाडिग या ड्रायव्हर बसवणाऱ्या साधनाने बसवताना यादीत जे पहिलं दिसेल ते निवडून इन्स्टॉल दाबणं ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वात प्रसिद्ध चूक आहे. बोर्ड बूटलोडरमध्ये नसताना हे केलं, तर ड्रायव्हर चालू कीबोर्डवर बसतो आणि टायपिंग बंद पडतं. निवडलेल्या उपकरणाचा ओळखक्रमांक ०३ईबी:२एफएफ४ हाच दिसत असेल तरच पुढे जा.

लिनक्सवर: क्यूएमकेच्या यूटिल/यूडेव्ह फोल्डरमधली ५०-क्यूएमके.रूल्स ही फाइल /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये टाका. ती नसेल तर "परमिशन डिनाइड" येतं आणि लोक सगळंच सुडोने चालवायला लागतात.

## ४. क्यूएमकेला तेच नाव सांगा

कीबोर्डच्या फोल्डरमधल्या कीबोर्ड.जेसन फाइलमध्ये बूटलोडरची नोंद असते. प्रो मायक्रोसाठी बनलेल्या कीबोर्डमध्ये तिथे बहुधा कॅटेरिना लिहिलेलं असतं. तुमच्याकडे त्याच आकाराचा एलिट-सी असेल तर मूळ फाइल बदलत बसू नका. तुमच्या कीमॅपच्या फोल्डरमध्ये रूल्स.एमके उघडा आणि ओळ लिहा:

बूटलोडर = अ‍ॅटमेल-डीएफयू

दोन्हींची हद्द २८,६७२ च असल्याने हे चुकलं तरी आकाराची तक्रार येत नाही, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. दिसते ती वेगळ्याच जागी: क्यूके_बूट ही कळ दाबली की बोर्ड बूटलोडरमध्ये न जाता गोठतो किंवा नुसता पुन्हा सुरू होतो. कारण कॅटेरिनाकडे जायची रीत वेगळी, डीएफयूकडे उडी मारायची वेगळी, आणि फर्मवेअरमध्ये यांपैकी एकच बांधलेली असते. रीसेटचं बटण मात्र चालत राहतं, कारण त्याचा फर्मवेअरशी संबंध नाही. बटण चालतंय पण कळ चालत नाही असं झालं तर कीमॅपमध्ये शोधू नका, ही ओळ तपासा.

आता सुरुवातीला म्हटलेली महाग चूक. प्रो मायक्रो असताना इथे हाफके लिहिलं की मर्यादा ३२,२५६ समजली जाते आणि "साइज इज फाइन" असा दिलासा मिळतो. बोर्डवरच्या बूटलोडरला या ओळीचा पत्ताही नसतो. तो आपल्या जागी, २८,६७२ पासून पुढे, बसलेलाच आहे, आणि तुमचं फर्मवेअर त्याच्या घरात शिरू पाहतं. ही ओळ वस्तुस्थिती सांगण्यासाठी आहे, वस्तुस्थिती बदलण्यासाठी नाही.

## ५. आधी कोरा डीफॉल्ट कीमॅप चढवा

स्वतःचा कीमॅप बाजूला ठेवा. आधी हे:

क्यूएमके कंपाइल -केबी सीआरकेबीडी/रेव्ह१ -केएम डीफॉल्ट

चालला तर त्याच शब्दांत कंपाइलच्या जागी फ्लॅश लिहा. क्यूएमके बोर्डाची वाट पाहत थांबेल; तेव्हा रीसेट करा. कॅटेरिना असेल तर ८ सेकंदांची घाई लक्षात ठेवा: आधी आज्ञा, मग रीसेट. उलटं केलं की कंपाइल होईपर्यंत बूटलोडर निघून गेलेला असतो.

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. पण डीफॉल्ट चढला, प्रत्येक कळ चालली, तर केबल, ड्रायव्हर, बूटलोडर, सोल्डरिंग हे सगळं एका फटक्यात सिद्ध होतं. यापुढे जे बिघडेल ते तुमच्या कीमॅपमुळे, हे तुम्हाला ठाऊक असतं.

तपासा: चालू असलेली ही हेक्स फाइल तारीख घालून वेगळी ठेवा. परतीचं तिकीट आहे ते.

## ६. तुमचा कीमॅप बांधा आणि आकडा लिहून ठेवा

रूल्स.एमके मध्ये काहीही बदललं की आधी क्यूएमके क्लीन चालवा, मग कंपाइल करा. आकडा कागदावर लिहा. बदल, आकडा, बदल, आकडा. एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम कापल्यात तर कशाने किती वाचलं हे कळत नाही आणि ज्यातून ४० बाइट सुटले ते वैशिष्ट्यही उगाच हातचं जातं.

## ७. कापाकापी, या क्रमाने

नियम साधा: ज्याची उणीव कुणालाच भासणार नाही ते आधी, आणि जे कापताना बोटं अडखळतील ते शेवटी.

पहिलं, फुकटची बचत. रूल्स.एमके मध्ये एलटीओ_एनेबल = यस. दुवे जोडताना सगळा कोड एकत्र पाहून न लागणारं गाळण्याची ही पद्धत आहे. कंपाइलला वेळ जास्त लागतो, कळांच्या वागण्यात फरक पडत नाही. पुष्कळांचं काम इथेच भागतं. काही कीबोर्डांत ती आधीच चालू असते, तेव्हा पुन्हा लिहून काही मिळणार नाही.

दुसरं, विकासकांची अवजारं. कन्सोल_एनेबल = नो आणि कमांड_एनेबल = नो. डीबग करत नसाल तर दोन्ही निरुपयोगी.

तिसरं, न वापरलेल्या सोयी. स्पेस_कॅडेट_एनेबल, ग्रेव्ह_ईएससी_एनेबल, म्युझिक_एनेबल, मॅजिक_एनेबल. यांतलं मॅजिक मात्र जपून: मॅकवर कंट्रोल आणि कमांड कळांची अदलाबदल कीबोर्डवरूनच करत असाल तर ती याच्यामुळे चालते. माउसकी_एनेबल कर्सर कीबोर्डवरून हलवत नसाल तर बंद करा. एक्स्ट्राकी_एनेबल बंद केलं की आवाज कमी-जास्त करायच्या कळा जातात. मी ते कधीच कापत नाही.

चौथं, दिवे. प्रत्येक रंगीत चाल हा वेगळा कोड असतो, आणि वीस चाली चालू ठेवून माणूस शेवटी एकाच रंगावर स्थिरावतो. आवडणाऱ्या दोन ठेवा, बाकीच्या कीबोर्ड.जेसन मधल्या यादीतून किंवा तुमच्या कॉन्फिग.एच मध्ये #अनडेफ लिहून बंद करा. आरजीबी मॅट्रिक्स आणि आरजीबी लाइट दोन्ही एकदम चालू नाहीत ना, तेही बघा.

पाचवं, ओलेड पडदा. इथे खरा ऐवज दडलेला असतो. १२८ बाय ३२ च्या पडद्यावर पूर्ण आकाराचं एक चित्र म्हणजे ५१२ बाइट. डोलणाऱ्या मांजरीच्या पाच चौकटी असतील तर २,५६०. नेहमीचा फाँट २२४ आकृत्यांचा, दर आकृतीला ६ बाइट, म्हणजे १,३४४. त्यातल्या निम्म्या आकृत्या तुम्ही कधी छापतच नाही. फाँटची फाइल कीमॅपमध्ये नक्कल करून मागचा भाग छाटता येतो. छाटल्यावर ओलेड_फाँट_एंड हा आकडाही बदला, नाहीतर पडद्यावर कचरा दिसेल. टायपिंगचा वेग दाखवण्यासाठी एसप्रिंटएफ वापरलं असेल तर तेही काढा: एक आकडा छापण्यासाठी ते सगळी छपाई-यंत्रणा आत ओढतं. क्यूएमकेमध्ये त्यासाठी गेट_यू८_एसटीआर हे हलकं फंक्शन आहे.

सहावं, देवनागरी. मराठीत लिहिणाऱ्यांपैकी काहींना ळ, क्ष, ज्ञ थेट कीबोर्डमध्ये बसवावेसे वाटतात, म्हणून ते युनिकोडमॅप चालू करतात. तक्ता लहानच असतो, एका चिन्हाला ४ बाइट, पण त्याला चालवणारा कोड वेगळा. शिवाय क्ष हे एक चिन्ह नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन पाठवावी लागतात, आणि प्रत्येकासाठी कीबोर्ड संगणकाला कळांची लांब माळ टाइप करून दाखवतो. संगणकात इन्स्क्रिप्ट चालू करा, कीबोर्डला साधी रोमन अक्षरं पाठवू द्या. फर्मवेअरमध्ये शून्य बाइट लागतात आणि प्रत्येक अ‍ॅपमध्ये चालतं.

सातवं, बोटांना जाणवणारं. टॅप डान्स (कळ किती वेळा दाबली त्यावर वेगळं काम), कॉम्बो (अनेक कळा एकत्र दाबून वेगळं काम), ऑटो शिफ्ट (कळ जास्त वेळ धरली की मोठं अक्षर) यांतलं काही खरंच वापरात नसेल तर काढा. कॉन्फिग.एच मध्ये नो_अ‍ॅक्शन_वनशॉट लिहिलं तर एकदाच लागू होणाऱ्या शिफ्ट-कंट्रोल कळा जातात. लेयर_स्टेट_८बिट लिहिलं तर ८ लेयरांची मर्यादा येते, बहुतेकांना पुरते.

सावध: नो_अ‍ॅक्शन_टॅपिंग हे यादीत पाहून कुणीही डोळे झाकून घालतं. दाबली तर अक्षर आणि धरली तर शिफ्ट किंवा लेयर, अशी एकही कळ तुमच्याकडे असेल, आणि ४२ कळांत ती असतेच, तर हे वापरू नका.

आता न कापण्याच्या दोन गोष्टी. एक, लेयर. कॉर्नेचा तक्ता ८ बाय ६, दर जागेला २ बाइट, म्हणजे अख्खा लेयर उडवून वाचतात ९६ बाइट. हजार बाइट जास्त असताना लेयर कापणं म्हणजे घर विकायला काढून दाराची कडी विकणं. दुसरी, क्यूके_बूट आणि बूटमॅजिक (ठरलेली कळ धरून यूएसबी जोडली की बूटलोडरमध्ये नेणारी सोय). त्यांची जागा नगण्य आहे, आणि तेच तुमचे परतीचे दरवाजे.

तपासा: आकडा २८,६७२ च्या खाली आला म्हणून लगेच खूश होऊ नका. क्यूएमके मोजतं ती फ्लॅश. चिपवर रॅम वेगळी आहे आणि ती फक्त २,५६० बाइट आहे. १२८ बाय ३२ चा पडदा त्यातले ५१२ एकटाच घेतो. कंपाइल बिनतक्रार होतं, फर्मवेअर चढतं, आणि मग पडदा मध्येच गोठतो किंवा कीबोर्ड आपोआप पुन्हा सुरू होतो, अशा वेळी संशय रॅमवर घ्या आणि पडदा बंद करून पाहा.

## ८. चढवा, दोन्ही तुकड्यांवर

यूएसबी काढा, मग टीआरआरएस काढा. डावा तुकडा एकटा जोडून फ्लॅश करा, मग उजवा. एकावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं राहिलं की दिवे किंवा पडदा एकाच बाजूला चालणं, मधूनच एक बाजू मुकी होणं असे प्रकार होतात, आणि माणूस पुन्हा सोल्डरिंग तपासायला बसतो.

बाजू ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी सेटिंग जपणाऱ्या मेमरीत) नोंदवण्याची पद्धत, म्हणजे ईई_हँड्स, वापरत असाल तर फ्लॅशच्या आज्ञेला -बीएल एव्हीआरड्यूड-स्प्लिट-लेफ्ट आणि दुसऱ्या तुकड्यासाठी -राइट जोडा. डीएफयू बोर्डावर एव्हीआरड्यूडच्या जागी डीएफयू.

दिवे किंवा सेटिंग जुनीच दिसली तर ईई_सीएलआर ही कळ दाबून ईईप्रॉम पुसा. ही कळ नसेल तर बूटमॅजिक: कोपऱ्यातली ठरलेली कळ धरून यूएसबी जोडा. त्याने सेटिंग पुसलं जातं आणि बोर्ड बूटलोडरमध्येही जातो. व्हायामध्ये, म्हणजे कळा संगणकावरून बदलायच्या अ‍ॅपमध्ये, केलेले बदल नव्या फर्मवेअरबरोबर जाऊ शकतात, तेव्हा आधी ते फाइलमध्ये जतन करा.

## ९. बूटलोडरच गेला तर

कोणत्याही केबलने, कितीही रीसेट करून बोर्ड दिसत नसेल तर बूटलोडर पुसला गेला असण्याची शक्यता आहे. बोर्ड फेकू नका. दुसरा प्रो मायक्रो किंवा यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर घेऊन सहा तारांनी तो परत लिहिता येतो. प्रो मायक्रोला प्रोग्रॅमर बनवलं तर त्याचे १५, १४ आणि १६ हे पाय बिघडलेल्या बोर्डाच्या त्याच क्रमांकांना, त्याचा १० हा पाय बिघडलेल्याच्या आरएसटीला, आणि व्हीसीसी व जीएनडी आपापल्या जोडीला.

इथे फ्यूज नावाची सेटिंग दिसतील. बूटलोडरसाठी किती जागा राखायची ते याच फ्यूजांत ठरतं. ५१२ बाइटांचा नॅनोबूट टाकून साडेतीन हजार बाइट कमावण्याचा मोह होतो, आणि ते शक्यही आहे. पण मग तीन गोष्टी एकमेकांशी जुळायला हव्यात: चिपवर लिहिलेला बूटलोडर, फ्यूजमधली राखीव जागा आणि क्यूएमकेतली नोंद. एक जरी जुळली नाही तरी बोर्ड नीट चालत नाही, कधी सुरूच होत नाही. दुसरा प्रोग्रॅमर हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

## १०. कापूनही बसत नसेल तर

पडदा, दिवे, व्हाया आणि टॅप डान्स हे सगळंच हवं असेल तर ही चिप पुरणार नाही, आणि त्यासाठी आठवडे घालवणं व्यर्थ आहे. प्रो मायक्रोच्याच आकाराचे आरपी२०४० कंट्रोलर मिळतात: केबी२०४०, एलिट-पाय, हेलिओस. त्यांची फ्लॅश एमबीत मोजतात, आणि बूटलोडर चिपच्या कायमच्या रॉममध्ये असल्याने पुसलाच जात नाही. कीमॅप तसाच ठेवून कंपाइलच्या आज्ञेला -ई कन्व्हर्ट_टू=केबी२०४० असं जोडायचं, आणि तयार झालेली यूएफ२ फाइल उघडलेल्या ड्राइव्हवर टाकायची. दोन्ही तुकड्यांवर एकाच जातीचे कंट्रोलर लावा. आणि या वेळी ते थेट न डकवता सॉकेटवर बसवा, कारण जुना प्रो मायक्रो उपटायला जी संध्याकाळ जाते ती पुन्हा घालवावीशी वाटत नाही.